दुपारचे आकडे

सोमवार, १५ सप्टेंबर

आज मीटिंगमध्ये अभयने माझं नाक कापलं. सोसायटीचा सेक्रेटरी झाला म्हणून काय झालं, मोरेश्वर चाळीत आमच्या दोन खोल्यांमध्ये फक्त एक लाकडी पार्टिशन होतं. चाळीस माणसांसमोर म्हणाला, "विकास तीन महिने बघतोय. पाइप वाजायचे थांबत नाहीत. आता बाहेरचा इंजिनिअर बोलावू या."

मी म्हटलं, "तेवीस मजल्यांचं पाणी आहे, थोडा आवाज येणारच."

"थोडो?" तिसऱ्या मजल्यावरच्या शांतीमावशी म्हणाल्या. "भितीत कोण तरी कांडता असा वाटता रे."

सगळे हसले. मावशींचा राग नाही आला. त्यांनी मला लहानपणी भरवलेलं आहे. हसणाऱ्यांचा आला.

म्हणून ही वही उघडली. इथे लिहिलं की डोकं थंड होईल. बावीस वर्षं मी एका हॉस्पिटलात पंप आणि बॉयलर सांभाळले. लालबागमध्ये चाळीच्या जागी आमचा टॉवर उभा राहत होता तेव्हा पाण्याच्या लाइनी कुठून न्यायच्या ते विचारायला बिल्डरची माणसं माझ्या भाड्याच्या खोलीवर यायची. गच्चीवरच्या टाकीचं पाणी खालच्या आठ मजल्यांना सरळ सोडलं तर जोराने नळ उडतील, म्हणून नवव्या मजल्यावर पाइपांच्या शाफ्टमध्ये प्रेशर कमी करणारा वॉल्व्ह लागतो. नकाशात तो दोन इंची होता. मी भांडून चार इंची करून घेतला. लाइन चार इंची आणि वॉल्व्ह दोन इंची, हे कसलं गणित? सार्वजनिक नळावर हंडा घेऊन ज्याने अर्धं आयुष्य काढलं त्याला पाण्याचं तोंड बारीक केलेलं सहन होत नाही. तेव्हा याच लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. राहायला आल्यावर पाण्याचं सगळं काम माझ्याच हातात दिलं.

बघू, कोण येतोय इंजिनिअर.

बुधवार, १७ सप्टेंबर

इंजिनिअर म्हणजे एक मुलगी निघाली. अक्षदा तांडेल. सत्तावीस वर्षांची, शिवडी कोळीवाड्यातली. सुरुचीने लिफ्टपाशीच ओळखलं. "अहो, बाजारात आपण जिच्याकडे मासे घेतो ना, त्या तांडेलमावशींची लेक ही!" एवढा आनंद आमची बायको माझ्या वाढदिवसालाही दाखवत नाही.

शाफ्टमध्ये आली, पिशवी खाली ठेवली आणि वॉल्व्हवर तळहात टेकवून बराच वेळ उभी राहिली. डॉक्टर पोटावर हात ठेवतात तशी. मग म्हणाली, "काका, हा चार इंची कोणी सुचवला?"

"मी."

"का?"

"लाइन चार इंची आहे."

"वॉल्व्ह लाइन बघून नाही निवडत, काका. पाणी किती जाणार आणि प्रेशर किती उतरवायचं, ते बघून निवडतात."

आवाज चढवला नव्हता. पण शेजारी अभय उभा होता आणि दारात अनुजा. माझी मुलगी, बारावी सायन्सला आहे. आठवीत असताना मागे लागायची, बाबा, मला पंप दाखवा ना. मी म्हणायचो, तिथे मुलींचं काय काम. आज आली ती या बाईच्या मागे, हातात टॉर्च धरून.

मी म्हटलं, "मॅडम, नरकचतुर्दशीच्या सकाळी खालच्या आठ मजल्यांच्या चौसष्ट घरांत एकाच वेळी अंघोळी सुरू होतात. तुमच्या पुस्तकात ते लिहिलेलं नसेल."

तिने वही काढली आणि ते लिहून घेतलं. "खरंच नाहीये," म्हणाली. "हे मला कोणी सांगितलंच नसतं."

टोमणा मारायची पद्धत बरी आहे.

शनिवार, २० सप्टेंबर

अनुजाने अक्षदाला चहाला घरी आणलं. मला न विचारता. सुरुचीने घावने केली होती, शेवटचं घावन तिच्या ताटात गेलं. माझ्या वाटणीचं होतं असं म्हणत नाही, पण मी टेबलावर बसलेलो होतो.

मग वही उघडून हिशोब सुरू झाला. दिवाळीच्या सकाळी तासाला पंधरा हजार लिटर पाणी जाईल असं धरलं, म्हणजे पंधरा घनमीटर. (हा आकडा माझ्याकडूनच घेतला.) वॉल्व्हच्या वर प्रेशर साडेचार बार, खाली हवं पावणेदोन. मधले पावणेतीन उतरवायचे. त्याचं वर्गमूळ अनुजाने काढलं, एक पॉइंट सहासष्ट. पंधराला त्याने भागलं की नऊ.

"नऊ म्हणजे काय?" सुरुचीने विचारलं. तिलाही आता पाण्यात रस आलाय.

"म्हणजे वॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर त्याच्यातून किती पाणी सुटू शकतं, त्याचं माप," अक्षदा म्हणाली. "आपल्याला नऊ मापाचा पुरतो. भरपूर हातचं राखून चाळीसचा घेतला तरी खूप. दोन इंचीचं माप तेवढं असतं. चार इंचीचं दीडशेच्या वर जातं."

"दीडशे!" अनुजा ओरडली. "बाबा, नऊ हवे आणि आपण दीडशेचा लावलाय!"

"वाऱ्यात मोठा दरवाजा बोटभर उघडा ठेवला तर काय होईल?" अक्षदाने तिलाच विचारलं.

"आपटेल."

"तेच होतंय. एवढा मोठा वॉल्व्ह केसभर उघडतो, पाणी जास्त झालं की आपटून बंद होतो, परत उघडतो. लहान दरवाजा असता तर निम्मा उघडून शांत उभा राहिला असता."

अनुजा माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, तुम्ही हे मला कधी सांगितलं नाहीत." सतरा वर्षांत मी तिला काय काय सांगितलं, ते एका दुपारी पुसलं गेलं.

जाताना अक्षदाने मला काम लावलं. खालच्या आठ मजल्यांच्या लाइनवर मीटर आहे, त्याचे तासातासाचे आकडे, आठवडाभर. "जास्तीत जास्त किती, ते मी काढू शकते काका. कमीत कमी किती, ते अंदाजाने येत नाही. पाणी अगदीच थेंबभर जात असेल तर दोन इंचीसुद्धा वाजेल. मग त्याच्या शेजारी एक पिटुकला लावावा लागेल, फक्त थेंबांसाठी. तुमच्या आकड्यांवर सगळं ठरेल."

बरं. सोसायटीने माझा हुद्दा उतरवून मला मीटर वाचायला बसवलंय.

बुधवार, २४ सप्टेंबर

सकाळी सहा ते सात, अकरा हजार लिटर. सात ते आठ, साडेदहा. दुपारी तीन ते चार, दोनशे.

दोनशे लिटर. चौसष्ट घरांत मिळून. मी मीटरच्या काचेवर बोट मारून पाहिलं. बरोबर होतं. कामावर गेलेले कामावर, घरातले झोपलेले. वॉल्व्हला कान लावला तर आत टक, टक, टक.

तिने सांगितलं तसंच. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

चौकोनी कागदावर पेन्सिलीने आकडे मांडतोय. चांगल्या वहीत नंतर उतरवीन.

शनिवार, २७ सप्टेंबर

आज चौथा दिवस, दुपारी दोनशे, एकशे ऐंशी, दोनशे वीस. काही बदलत नाही.

अनुजाने जेवताना सांगितलं, तिला इंजिनिअरिंगला जायचंय. आजवर फार्मसी फार्मसी चाललं होतं. मी विचारलं, कोणी घातलं डोक्यात? "अक्षदाताईंशी बोलले मी." बापाच्या हातांना बावीस वर्षं ग्रीस लागलेलं, त्याच्याशी बोलावंसं वाटलं नाही.

सुरुची म्हणाली, "तुमच्याशी बोलायला आली होती ती परवा. तुम्ही म्हणालात, आकडे लिहितोय, नंतर."

असेन म्हणालो. आकडे कोणासाठी लिहीत होतो?

बुधवार, १ ऑक्टोबर

चांगल्या वहीत आकडे उतरवले. सकाळचे जसेच्या तसे. संध्याकाळचे जसेच्या तसे. दुपारच्या रकान्यापाशी पेन थांबलं.

दोनशेच्या जागी अडीच हजार लिहिलं. मग दुसऱ्या दिवसाला दोन हजार सहाशे. रोज थोडा फरक ठेवला, खरे वाटावेत म्हणून.

का केलं ते लिहितो. दोनशे लिहिलं असतं तर तिने तो पिटुकला वॉल्व्ह लावला असता, सगळं एका दिवसात शांत झालं असतं, आणि या इमारतीत जन्मभर सगळे म्हणत राहिले असते, कोळणीची पोरगी आली आणि विकासला तीन महिन्यांत जमलं नाही ते करून गेली. आता तिचा वॉल्व्ह दुपारी थोडा वाजेल. थोडाच. मग कळेल सगळ्यांना, पाण्यापुढे सगळेच शिकाऊ.

कोणाचं नुकसान नाही यात. पेन्सिलीचे कागद फाडणार होतो. फाडले नाहीत, घडी करून पेटीत टाकले.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

ती आली, वहीतल्या पानांचे मोबाइलवर फोटो काढले. "काका, किती सुंदर लिहिता. आमच्या ऑफिसात असं कोणी देत नाही, मागून मागून थकते मी."

मग दुपारच्या रकान्यावर तिचं बोट थांबलं. "अडीच हजार? मला वाटलं होतं अगदी कमी असेल."

"बायका दुपारी मशिन लावतात कपड्यांचं."

"असं होय." थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही इथे राहता, तुम्हाला माहीत. मग पिटुकल्याची गरज नाही. एकटा दोन इंची पुरेल."

पानांचे फोटो कशाला काढले, हे कळत नाही. उद्या माझ्याविरुद्ध दाखवायला असतील.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

आज दोन इंची बसला. चार इंची खाली उतरवायला चार माणसं लागली. माझा वॉल्व्ह. भंगाराच्या कोपऱ्यात तोंड वर करून पडलाय.

संध्याकाळी सगळ्या घरांत नळ सुरू असताना एकही धक्का नाही. प्रेशरचा काटा पावणेदोनवर असा उभा जसा काही रंगवलेला. अभयने पेढे आणले. अनुजाने अक्षदाला मिठी मारली. मला कोणी पेढा दिला नाही असं नाही, अक्षदानेच दिला. "दिवाळीचा आकडा तुमचा होता, काका," म्हणाली. मी तो खाल्ला नाही, खिशात टाकला.

शनिवार, ११ ऑक्टोबर

दुपारी साडेतीनला एकटा शाफ्टमध्ये गेलो. काटा थरथरत होता. दीड, तीन, दीड, साडेतीन. आतून टकटक, चार इंचीपेक्षा बारीक पण भरभर.

मला आनंद झाला. लिहून ठेवतो, कारण हे कोणाला सांगता येणार नाही.

सोमवार, १३ ऑक्टोबर

शांतीमावशी लिफ्टपाशी भेटल्या. "झिला, दुपारचा परत वाजता हां. आता बारीक वाजता."

"त्या इंजिनिअर बाईंना विचारा," मी म्हटलं. "मी आता फक्त मीटर वाचतो."

मावशींनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि गेल्या.

गुरुवार, १६ ऑक्टोबर



पावणेचारला तिसऱ्या मजल्यावरून किंकाळी आली. पाचव्यावरच्या आमच्या घरातून धावत उतरलो. शांतीमावशींचं दार उघडं, बाथरूम वाफेने भरलेलं. सांधे दुखतात म्हणून त्या दुपारी गरम पाण्याने शेकतात. गीझरच्या तोंडाची नळी फुटली होती आणि उकळतं पाणी फवाऱ्यासारखं उडत होतं. मावशी कोपऱ्यात बसलेल्या, उजवा हात आणि मांडी लाल. साडी अंगाला चिकटलेली. मी गीझरचं बटण बंद केलं, आतला कॉक पिळला, गार पाण्याची बादली हळूहळू त्यांच्या अंगावर सोडत राहिलो. अभय आला. दोघांनी खुर्चीत बसवून खाली नेलं.

टॅक्सीत मावशींनी डाव्या हाताने माझा हात धरला होता. "तू होतंस म्हणान मी वाचलंय रे."

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, गार पाणी टाकलंत ते बरं केलंत. घरी आलो तर गेटवर लोक जमलेले, पाठीवर थापा मारत होते. अनुजा रडत गळ्यात पडली. किती वर्षांनी.

महिनाभर मला हेच हवं होतं. आज मिळालं.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

मीटिंग. अभयने अक्षदाला सगळ्यांसमोर उभं केलं. "मॅडम, सत्तर वर्षांची बाई भाजलीय. तुमच्या वॉल्व्हमुळे दुपारी प्रेशर नाचतंय, नळी त्याने फुटली. तुमच्या ऑफिसात आम्ही लेखी तक्रार करणार."

तिचा चेहरा पांढरा पडला होता. हातात माझ्या वहीच्या पानांचे छापलेले फोटो. मी मनात म्हटलं, आता निघणार माझं नाव.

ती म्हणाली, "आकडे मी स्वतः एकदा मोजायला हवे होते. ती चूक माझी आहे."

तेवढंच. माझ्याकडे पाहिलंही नाही. मग म्हणाली, "यावर उपाय होईपर्यंत दुपारी तळमजल्यावरच्या टाकीत एक नळ सोडून ठेवा. खालच्या लाइनमधलाच. पाणी वाहतं राहिलं की वॉल्व्ह शांत राहील."

म्हणजे तिला कळलंय. दुपारी पाणी जात नाही हे माहीत असल्याशिवाय कोणी असा उपाय सांगणार नाही. तिला माहीत होतं आणि ती बोलली नाही. तोंड उघडायची वेळ माझी होती. मी खुर्चीचा हात धरून बसून राहिलो.

घरी अनुजा जेवली नाही. ताटावरून उठताना म्हणाली, "बाबा, कॉलेज सकाळचं असतं. दुपारी मी रोज घरी असते. दुपारी कोण मशिन लावतं?"

अक्षदाने सांगितलं असेल तिला मशिनचं. किंवा त्या दिवशी स्वतःच ऐकलं असेल. मी विचारलं नाही.

शनिवार, १८ ऑक्टोबर

सकाळी हॉस्पिटलात मावशींना बघायला गेलो. हाताला बँडेज, पण बोलत होत्या. "ती तांडेलणीची चेडू कालपासून येता," म्हणाल्या. "भायर बाकड्यावर बसता. भितर येवक लाजता. तिका सांग, माझो राग नाय."

बाहेर बाकड्यावर ती खरंच होती. मांडीवर वही, काहीतरी गणित. मला बघून उभी राहिली.

मी म्हटलं, "चल माझ्याबरोबर."

घरी नेलं. पेटीतून पेन्सिलीचे कागद काढले आणि तिला घेऊन सोसायटीच्या ऑफिसात गेलो. अभय कंदिलांच्या माळा मोजत होता. त्याच्यापुढे कागद ठेवले. "हे खरे आकडे. वहीतले दुपारचे खोटे आहेत. मी लिहिले."

अभयला आधी समजलंच नाही. मी परत सांगितलं. दोनशे. अडीच हजार. पिटुकला वॉल्व्ह, जो माझ्यामुळे लागला नाही. शेवटी तो खुर्चीत बसला.

"विकास, मावशी मेली असती."

"हो."

"का रे? का?"

उत्तर तोंडात तयार होतं, चूक झाली, नजर चुकली. पण अक्षदा समोर उभी होती. म्हटलं, "मला हिचा हेवा वाटला."

इतकं उघडं वाक्य मी आयुष्यात उच्चारलं नव्हतं. अभयने मान फिरवली. ती मात्र बघतच राहिली. "माझा?" म्हणाली. "काका, आमच्या ऑफिसात मी काही बोलले तर सगळे हो हो म्हणतात आणि करतात साहेब सांगतील तसं. इथे तुम्ही माझ्याशी वाद घातलात. मी घरी जाऊन आईला सांगितलं, एक माणूस भेटला ज्याला काम कळतं."

मी खाली बघितलं.

"राग आलाय मला," ती पुढे म्हणाली. "खोटं नाही बोलणार. तीन तारखेलाच मला संशय आला होता. मीटरपाशी तासभर बसले असते तर कळलं असतं. पण तुमच्यापुढे तुमचा आकडा तपासायची हिंमत झाली नाही. यापुढे मी तुमचा एकही आकडा न तपासता घेणार नाही."

अभयने हात पुढे केला. मी शाफ्टच्या चाव्या त्याच्या हातावर ठेवल्या. पहिल्या तारखेपासून दुसरा माणूस बघतो, म्हणाला. मी मान हलवली.

तेवढ्यात तीच म्हणाली, "सोमवारी पहाटे अभ्यंगस्नान आहे. त्याआधी पिटुकला बसायला हवा. आमचे फिटर गावी गेलेत. शाफ्टमधली कुठली लाइन कुठे वळते ते यांच्याशिवाय कोणाला माहीत आहे?"

अभयने चाव्या परत दिल्या नाहीत. तिच्या हातात दिल्या.

रविवार, १९ ऑक्टोबर

सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच शाफ्टमध्ये. मोठ्या, दोन इंची वॉल्व्हला वळसा घालणारी एक इंची जुनी लाइन होतीच, तिच्यात पाऊण इंची वॉल्व्ह बसवायचा होता. पाइपांचे आटे कापले, सांधे आवळले. अक्षदाने फक्त दोनदा थांबायला सांगितलं, एकदा चूक होती माझी आणि एकदा तिची.

अकराच्या सुमाराला अनुजा दारात येऊन उभी राहिली. आत येऊ का, असं विचारलं नाही. नुसती उभी. मी म्हटलं, "पाना धर. दोन्ही हातांनी. सुटला तर पायावर येईल."

तिने धरला. परवा रात्रीपासून ती माझ्याशी बोलली नव्हती. आजही कामाचंच बोलली. पण पाना सोडला नाही.

शेवटी प्रेशर लावताना मी विचारलं, "दोघांचं प्रेशर सारखं ठेवायचं ना?"

"नाही," अक्षदा म्हणाली. "लहानाचं थोडं जास्त. लहान दोनवर, मोठा पावणेदोनवर. थेंबभर पाणी असेल तर लहान एकटा सांभाळेल, मोठा झोपून राहील. पाणी वाढलं की लहान एकटा पुरा पडणार नाही, प्रेशर खाली येईल, आणि मोठा उठेल."

बावीस वर्षांत हे मला सुचलं नसतं. लाज वाटली आणि पुन्हा तीच जळजळ. ती जात नाही. मला वाटलं होतं, कबूल केलं की जाईल.

सोमवार, २० ऑक्टोबर

पहाटे साडेपाचपासून शाफ्टमध्ये. मी मीटरसमोर, अक्षदा काट्यासमोर. उटण्याचा वास नवव्या मजल्यावर येत होता. फटाके सुरू झाले तसं मीटरचं चाक पळायला लागलं. लहान वॉल्व्हचा सूर चढला, मग मोठ्याच्या आत काहीतरी हललं, आणि तो उघडला. आपटला नाही. काटा पावणेदोनवर उतरला आणि थांबला.

सहा ते सात, चौदा हजार आठशे.

"पंधरा म्हणाला होतात तुम्ही," ती म्हणाली. तिने मीटर स्वतः वाचला होता, मी सांगायच्या आधी.

दुपारी साडेतीनला पुन्हा गेलो. चावी तिच्याकडे, म्हणून दाराबाहेर उभा राहून कान दिला. काही नाही. दिवाळीच्या दिवशी जेवून झोपलेल्या आठ मजल्यांचं पाणी, आणि आवाज नाही.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

मावशींना काल घरी आणलं. आज भाऊबीज. सुरुची तिच्या भावाकडे गेली, आणि मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. अभयने मावशींना काही सांगितलेलं नव्हतं, ते मला सांगायला हवं होतं. पाच दिवस टाळत होतो.

त्या पलंगावर बसल्या होत्या. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं, कागदावरचे दोनशे आणि वहीतले अडीच हजार, अकरा तारखेला मला झालेला आनंद, लिफ्टपाशी दिलेलं उत्तर. मावशींना आकडे कळले नसतील. बाकीचं कळलं.

मग म्हणाल्या, "आणि मी तुका आशीर्वाद देय होतंय."

"हो."

"तुझ्या आवशीक हया सांगूचा कसा, तू सांग."

आई जाऊन नऊ वर्षं झाली. मावशींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी उठलो तसं मागून आवाज आला, "गीझर मी परत लावूचंय नाय. भ्या वाटता. शेकूक पाणी लागता माका, रोज साडेतीनाक. तू आणून दी. तुझ्या घरात तापव आणि तू स्वतः आण. बायलेक नको धाडू."

"आणतो."

"जास्त कढत नको."

साडेतीनला पहिली बादली घेऊन निघालो. लिफ्टमध्ये पोरांची गर्दी, म्हणून जिन्याने. चौथ्या मजल्याच्या वळणावर अक्षदा आणि अनुजा पायरीवर बसल्या होत्या. दोघींच्या मधे अनुजाचं कॅल्क्युलेटर आणि एका जुन्या पंपाचं पुस्तक. अनुजा काहीतरी चुकली असावी, दोघी खळखळून हसत होत्या. माझ्याकडे बघून अनुजाचं हसू थांबलं. मग तिने गुडघे आखडून मला वाट करून दिली आणि म्हणाली, "बाबा, सांभाळून."

छातीत कळ आली, नेहमीचीच. ती पायरी माझी होती, ते पुस्तक मी दाखवायला हवं होतं, हे सगळं मनात येऊन गेलं. बादली भरलेली होती आणि पाणी गरम. मी एका हाताने कठडा धरला, दुसऱ्याने बादली उचलून धरली आणि त्यांच्या शेजारून एकही थेंब न सांडता खाली उतरलो.